दारात उभं राहायचं ते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीसाठी फोंड्याला येऊन काही महिने झाले. सकाळी ऑफिसच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी देवळांच्या, चर्चच्या दारांशी फोटो काढतो. जत्रा, फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, मिरवणुका नकोत. रोजचं, शांत काहीतरी हवं आहे. पण फोटो एकतर पोस्टकार्डासारखे येतात, नाहीतर माणसं कॅमेरा बघून अवघडतात. कुठे उभं राहू, उजेड कसा सांभाळू, परवानगी कोणाची घेऊ आणि त्यासाठी नवी लेन्स घ्यावी का?

लेन्सचं शेवटी बोलू. आधी हे ठरवायला हवं की तुम्ही कशाचा फोटो काढताय. पोस्टकार्डासारखे येतात ते फोटो इमारतीचे असतात. मंगेशीची सात मजली दीपमाळ, मागे निळं आभाळ आणि कोपऱ्यात एक माणूस. हा फोटो छान दिसतो, तो एकदा काढून मोकळे व्हा. तुम्हाला हवा आहे तो क्षण दारातल्या चार-पाच सेकंदांत असतो. माणूस रस्त्यावरून येतो तेव्हा त्याची चाल वेगळी असते आणि आत पाऊल टाकतो तेव्हा वेगळी. मधल्या तेवढ्या वेळात चप्पल सुटते, आवाज खाली येतो, पदर सारखा होतो, फोन खिशात जातो, हात उंबरठ्याकडे वळतो. हा बदल दिसला की फोटोत जीव येतो, मग मागे कळस असो किंवा साधी पांढरी भिंत.

म्हणून पहिलं काम कॅमेरा न काढता करायचं आहे: हालचाली ओळखायच्या. देवळाच्या दारात नळावर पाय धुतले जातात आणि ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटतात. एप्रिलमध्ये ते बघता बघता वाळतात, जुलैत दिवसभर राहतात. उंबरठ्यावर कोणी पाय देत नाही. उजव्या हाताची बोटं आधी उंबरठ्याला, मग डोळ्यांना किंवा कपाळाला, आणि मग पाऊल पलीकडे. म्हाताऱ्या माणसांना वाकणं जमत नाही, ती हवेतच हात खाली नेऊन वर आणतात. ही अर्धी राहिलेली खूण मला पूर्ण वाकलेल्या नमस्कारापेक्षा जास्त बोलकी वाटते. घंटेपाशी लहान पोर उचललं जातं. बाहेर पडताना पहिली दोन-तीन पावलं देवाकडे पाठ न करता मागे मागे पडतात. आणि दर्शन झाल्यावर लगेच निघायचं नाही, घटकाभर टेकायचं, हा आपल्याकडचा जुना नेम. ते टेकलेलं माणूस बघा. त्याला कुठे जायचं नसतं, काही करायचं नसतं. शांत क्षण म्हणून तुम्ही जे शोधताय ते बहुतेक वेळा तिथेच बसलेलं असतं.

चर्चच्या दारात याच गोष्टी वेगळ्या हातांनी होतात. आत शिरताच भिंतीला लागून पवित्र पाण्याचं भांडं असतं. बोटांची टोकं बुडतात, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. काही जणांचं हे सावकाश होतं, काहींचं इतकं झटपट की छातीपाशी नुसता हात फिरल्यासारखा दिसतो. रविवारच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, उशिरा आलेले पुरुष पुष्कळदा आत जागा असूनही दारातच उभे राहतात, हात मागे बांधून, एक पाय पायरीवर. मीस संपल्यावर दारात गप्पा रंगतात त्या वेळी मात्र क्षण शांत राहत नाही; तुम्हाला हवं ते मीस चालू असतानाच्या दारात आहे. मशिदीत खिशातून टोपी निघते, बाह्या वर होतात, वजू होतो, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतलं जातं. फोंड्याची सफा मशीद तुमच्या शहरातच आहे, 1560 सालची, आदिलशाही काळातली, शेजारी चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या, बांधणीची तळी (तळं) असलेली. तिथे शुक्रवारच्या दुपारपेक्षा इतर दिवशी संध्याकाळी जा. माणसं थोडी असतात आणि तळीच्या पायऱ्यांवर तिरका उजेड असतो.

आणि दार म्हणजे मोठंच हवं असं नाही. गोव्यात रस्त्याकडेला खुरीस म्हणजे क्रूस आहे, घुमटी म्हणजे छोटंसं देऊळ आहे, कपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे. स्कूटरवरून जाणारा माणूस तिथे वेग जरासा कमी करतो, एक हात सुटतो, छातीला किंवा ओठांना लागतो आणि परत हँडलवर येतो. पुष्कळदा एकच माणूस घुमटीपुढेही तसं करतो आणि पुढच्या वळणावरच्या खुरसापुढेही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, आणि शिरगावच्या लईराई देवीला लोक बहिणी मानतात आणि दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसं जातात, त्या प्रांतात हे कोणाला नवल वाटत नाही. फोटोतही नवल म्हणून दाखवू नका. एका चौकटीत मुद्दाम कळस आणि क्रॉस बसवायचा खटाटोप मी पुष्कळ ठिकाणी बघतो. तो फोटो कल्पनेचा होतो, माणसाचा राहत नाही.

आता दार निवडण्याबद्दल. एकच निवडा आणि त्याचं घड्याळ शिका. रोज नवं देऊळ, रोज नवं चर्च केलं तर तुम्ही कायम पाहुणे राहता आणि लोक पाहुण्याकडे बघतात तसं तुमच्याकडे बघतात. अवघडलेपणाचं निम्मं कारण हे आहे. मंगेशीला रविवारी सहलीच्या बसेस लागतात, तिथून सुरुवात नको. म्हार्दोळच्या महालसेचं दार आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी, किंवा नागेशीच्या तळीचा काठ, किंवा तुमच्या घराजवळचं असं देऊळ की ज्याचं नाव पर्यटनाच्या नकाशात नाही. यांतलं एक घ्या. मंगेशीला सोमवारी आणि म्हार्दोळला रविवारी पालखी निघते. पालखीचा फोटो सगळे काढतात. तुम्ही त्याच्या तासभर आधी जा. तेव्हा कोणी पितळ पुसत असतं, कोणी फुलं निवडत असतं, वाजवणारे वाद्यांच्या पिशव्या सोडत असतात, आणि कोणाचंच तुमच्याकडे लक्ष नसतं.

फोंडा तालुक्यातल्या या दारांना एक गोष्ट वेगळी करते, ती समजली तर तुमचे फोटो सुधारतील. यांतले बरेच देव इथले मूळचे नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या साष्टी-तिसवाडीत देवळं मोडली जात होती, तेव्हा मूर्ती नदी ओलांडून इकडे फोंड्याच्या बाजूला आणल्या गेल्या. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, प्रियोळला आला. महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. देवांबरोबर कुळंही पांगली. त्यामुळे आजही या दारांत दोन प्रकारची माणसं येतात. एक रोजची: फुलवाली, भटमामा, शेजारचे पेन्शनर, कॉलेजला जाताना थांबणारी मुलगी. दुसरी मुंबई, बेळगाव, कारवार, मंगळूरहून कुलदैवताला आलेली, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, उतरलेली, हातात ओटीचं ताट, मागे झोपेतून उठवलेली मुलं. रोजच्या माणसाचा नमस्कार सवयीचा आणि छोटा असतो; लांबून आलेल्याचा मोठा, आणि जरा भांबावलेला. रोजचा माणूस दारातून सरळ आत जातो. लांबून आलेला आधी उंबरठ्यावर थांबतो, वर बघतो, मागे वळून घरच्यांना बोलावतो. या थांबण्याकडे लक्ष ठेवा. त्याच्याच मागून रोजची म्हातारी बाजूने वाट काढत आत गेली तर दोघं एका चौकटीत येतात, आणि तो फोटो फोंड्यातच मिळतो.

इथे एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. कौल लावायला, म्हणजे देवाचा प्रसाद घ्यायला आलेली माणसं बाहेर वाट बघत बसतात. मूर्तीवर लावलेली फुलं किंवा पाकळ्या कोणत्या बाजूने पडतात यावर लग्न, जमीन, आजारपण यांबद्दलचा देवाचा होकार-नकार समजला जातो. त्या माणसांचे चेहरे विलक्षण असतात आणि छायाचित्रकाराचा हात शिवशिवतो. ते चेहरे टिपू नका. तिथे माणूस आपली सगळ्यात खासगी गोष्ट घेऊन बसलेला असतो आणि आपण बघितले जातोय हे त्याला कळलं तर त्याचं मन विचलित होतं. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारालाही हाच नियम. कॅमेरा पिशवीत.

उजेडाकडे येऊ. दारातला फोटो तांत्रिकदृष्ट्या अवघड असतो कारण एका चौकटीत दोन वेगळे दिवस असतात. बाहेर उन्हात आयएसओ 200 ला एफ 8 आणि सेकंदाचा 1/500 बसतो. त्याच वेळी आत सभामंडपात आयएसओ 1600, एफ 2.8 आणि 1/60 लागतो. म्हणजे नऊ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चांगला सेन्सर रॉ (RAW) फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, यातलं बरंच धरतो, पण धरतो म्हणून दोन्ही दाखवायचं नसतं. अंधाराला अंधार राहू द्या. मी बाहेरच्या उजेडाला न मोजता उंबरठ्यावरच्या चेहऱ्याला किंवा हाताला मोजतो, स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फक्त तेवढ्या जागेचा उजेड मोजून, आणि मग अर्धा-पाऊण स्टॉप कमी करतो. आवारातली फरशी पांढरी पेटली तरी चालेल, फक्त ती चौकटीत थोडी ठेवा. फोनमध्ये एचडीआर आपोआप चालू असतं आणि ते आतबाहेर सगळं सारखं करून टाकतं. दारातला सगळा अर्थच त्या फरकात असतो, तेव्हा ते बंद करता येत असेल तर करा, नसेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून एक्सपोजर खाली ओढा.

याहून महत्त्वाचं म्हणजे उजेडाची बाजू. तुम्ही दारालगत आत, ओसरीच्या सावलीत उभे असाल, तर आत येणाऱ्याचा उजेड त्याच्या पाठीवर असतो आणि बाहेर जाणाऱ्याचा तोंडावर. हालचाल आत येताना मिळते, चेहरा बाहेर जाताना. आत येणाऱ्याचा चेहरा शोधत बसू नका. त्याची आकृती घ्या, वाकलेली पाठ, उंबरठ्याकडे गेलेला हात, पाठीवरच्या केसांची उजळलेली कड. बाहेर पडणाऱ्याचे डोळे उन्हाने बारीक होतात, कपाळावर कुंकू ओलं असतं, हातावरचा तीर्थाचा ओलावा पुसला जात असतो, नजर चपला शोधत असते. प्रार्थना संपल्यावर चेहरा सैल पडतो. मला हा दुसरा चेहरा नेहमी जास्त खरा वाटतो, आणि त्याला उजेडही आवारातल्या फरशीवरून उसळून खालून, मऊ मिळतो. चिऱ्याचं आवार असेल तर हाच उजेड तांबूस होतो; त्वचेला तो शोभतो, पांढऱ्या कपड्यांना मात्र गुलाबी करतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगांची जुळवणी, त्याच्यामागे धावू देऊ नका, दिवसाच्या उजेडावर, म्हणजे 5500 केल्विनच्या आसपास, कायम ठेवा. समईची ज्योत सुमारे 2000 केल्विनची असते, ती त्या सेटिंगला गडद केशरी दिसते आणि तशीच दिसायला हवी. हल्ली दारांवर एलईडीच्या माळा असतात. त्यांच्या लुकलुकीने इलेक्ट्रॉनिक शटरला आडवे पट्टे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पुष्कळदा ते जातात. नाही गेले तर मेकॅनिकल शटर वापरा, थोडा आवाज झाला तर झाला.

दाराची दिशा होकायंत्राने बघून घ्या. तांबडी सुर्लेचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे, काळ्या दगडातलं, कदंबकालीन. सूर्य वर आल्या आल्या तिथे असाल तरच दारात काही मिळेल, नंतर आत नुसता काळोख. जुन्या गोव्यात तर एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेळा आहेत: सी कॅथेड्रलचं दर्शनी तोंड पूर्वेला, म्हणून सकाळ त्याची, बॉम जेजू चर्चचं पश्चिमेला, म्हणून दुपारनंतरचा वेळ त्याचा. बॉम जेजूच्या दर्शनी भिंतीला गिलावा नाही, उघडा तांबडा चिरा आहे, आणि उतरत्या उन्हात त्याचा रंग दारात उभ्या माणसावरही चढतो. उलट चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या चर्चपुढे कॅमेरा फसतो आणि भिंत राखाडी करतो. तिथे एक स्टॉप वाढवावा लागतो. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गोव्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. उघड्या आवारात त्या वेळी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून मे महिन्यात साडेनऊनंतर मी ओसरी सोडत नाही. पायही भाजतात, हे अनवाणी उभं राहिल्यावर कळतंच.

पण माझं खरं मत विचाराल तर या कामाचा ऋतू पावसाळा आहे. पर्यटक कमी, आभाळ झाकलेलं, आतबाहेरचा फरक एकदम तीन-चार स्टॉपने खाली येतो, आणि दारात एक नवी हालचाल सुरू होते: छत्री मिटायची. छत्री झटकायची, पाणी कोणाच्या अंगावर उडू नये म्हणून बाहेर वळायचं, मिटायची, भिंतीला टेकवायची, मग चप्पल, मग हात पदराला पुसायचा, आणि मग नमस्कार. एरवी चार सेकंदांत होणारी गोष्ट जुलैत अर्धा मिनिट चालते. जुन्या चर्चमध्ये आणि काही जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या अजून आहेत. ढगाळ दिवशी त्यांतून येणारा दुधी उजेड दाराजवळ बसलेल्या माणसावर पडतो तसा दुसरा कुठला उजेड मला माहीत नाही. चर्चच्या भिंती पावसात काळ्या-हिरव्या पडतात आणि पावसाळा सरल्यावर, फेस्ताच्या आधी, रंगवल्या जातात. पणजीच्या चर्चचं फेस्त 8 डिसेंबरला असतं. त्याच्या आधीच्या दिवसांत त्या वळणावळणांच्या जिन्यावर रोषणाईची, सजावटीची तयारी चालते आणि त्यातूनच नोव्हेनाला, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, येणारी माणसं वाट काढतात. फेस्ताच्या रात्रीचा जिना सगळ्यांनी बघितलेला असतो, आधीच्या सकाळचा कोणी बघत नाही.

उभं राहायचं कुठे, याचं उत्तर सोपं आहे: दाराच्या बाजूला, आणि शक्यतो उभं राहायचंच नाही, बसायचं. दारासमोर कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे अडथळा. येणाऱ्याला तुमच्याकडे बघत आत यावं लागतं आणि त्याचा नमस्कार तुम्हाला होतो की देवाला हेच त्याला कळेनासं होतं. ओसरीच्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, तुळशीवृंदावनाच्या बाजूच्या कट्ट्यावर, चर्चच्या पायरीच्या टोकाला बसा. फुलवाल्या बायका जमिनीवर बसतात. तुमचा डोळा त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर आला की फोटो बदलतो, त्यांच्याकडे वरून बघणं थांबतं. अबोलीच्या, जायांच्या फाती गुंफणारे हात अशा उंचीवरूनच नीट दिसतात. पायऱ्यांच्या खालून वर चढणाऱ्या बायकांवर कॅमेरा कधी धरू नका, तळीवर पाय धुताना तर नाहीच. हेतू चांगला असला तरी तो कोन चांगला नसतो.

कॅमेरा लपवू नका. रस्त्यापलीकडून 200 मिलिमीटरच्या लेन्सने खेचलेला चेहरा मला मान्य नाही. त्यात माणूस जवळ दिसतो पण तुम्ही त्याच्याजवळ नसता, आणि ते फोटोत कळतं. कॅमेरा मांडीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवा, पहिला अर्धा तास उचलू नका. पहिल्या पाच मिनिटांत सगळे बघतात, नंतर तुम्ही कट्ट्याचा भाग होता. लोक अंग चोरतात ते कॅमेऱ्यामुळे नव्हे, एकदम उचललेल्या कॅमेऱ्यामुळे.

परवानगीबद्दल. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही, पण देवळाचं आवार म्हणजे रस्ता नव्हे. गोव्यातली देवस्थानं महाजनांची, म्हणजे त्या देवळाशी पिढीजात बांधलेल्या कुळांची; कारभार त्यांच्या निवडून आलेल्या समितीकडे. समितीच्या कार्यालयात जाऊन, एक साधं पत्र देऊन, कुठले फोटो, कुठल्या वेळी, कशासाठी हे सांगा. बरोबर आधी काढलेल्या फोटोंच्या दोन-चार प्रती न्या. तोंडी वर्णनापेक्षा त्यांनी काम लवकर होतं. बहुतेक ठिकाणी गाभाऱ्याकडे कॅमेरा चालत नाही, काही ठिकाणी सभामंडपातही नाही, आणि फलक लावलेला असेल तर समितीच्या एखाद्या सदस्याच्या ओळखीवर तो ओलांडू नका. तुम्हाला दार हवं आहे, दारापलीकडे आत जायची गरजही नाही. चर्चमध्ये विगार फादरना, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंना, भेटा, मिसेच्या वेळेला नव्हे, आधी किंवा नंतर. कपेल आणि खुरसाची देखभाल वाड्यावरची माणसं करतात, तिथे शेजारच्या घरात विचारा. मशिदीत विश्वस्तांना किंवा इमामसाहेबांना. जुनं गोवं, तांबडी सुर्ला अशी पुरातत्त्व खात्याची स्मारकं असतील तर हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, ट्रायपॉड लावायचा तर खात्याची परवानगी लागते. ट्रायपॉडची इथे गरज नाहीच.

संस्थेची परवानगी म्हणजे माणसाची परवानगी नव्हे. रोजच्या माणसांना आधीच सांगून ठेवा. फुलवालीला "मावशी, हांव हांगा बसून फोटो काडटां, चलता मू?" एवढं कोंकणीत विचारलं तरी पुरे, उच्चार कोल्हापुरी असो की पुणेरी, मनापासून विचारलंय हे पोचतं. तिने मान हलवली की कॅमेरा लगेच उचलू नका, ती पुन्हा कामाला लागू द्या. अनोळखी माणसाचा क्षण विचारून मिळत नाही, हे खरं. तिथे फोटो काढल्यावर नजर मिळवा, हसा, स्क्रीन दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाका, चर्चा न करता. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना आधी विचारल्याशिवाय नाही. भीक मागायला बसलेल्या माणसांचे मी काढत नाही. नाही म्हणायची मोकळीक त्यांना नसते. इंटरनेटवर टाकताना ओळखता येणारा चेहरा, देवळाचं नाव आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र देऊ नका. अमुक आजी रोज साडेसहाला एकट्या इथे येतात, ही माहिती जगाला द्यायचा अधिकार तुम्हाला नाही.

आणि प्रती द्या. चार बाय सहाची छापील प्रत, चांगल्या कागदावर, दर महिन्याला पाच-सहा. फोनवर पाठवलेला फोटो हरवतो, छापलेला देव्हाऱ्याशेजारी किंवा दुकानाच्या काचेत लागतो. प्रत दिल्यानंतर त्या दारातलं तुमचं स्थान बदलतं. पैसे मात्र देऊ नका, आणि फोटोच्या बदल्यात फुलं घेऊ नका. फुलं हवी असतील तेव्हा घ्या, रोजची घ्या.

नुसत्या वस्तूंचे फोटो काढावेत का? चपलांचा ढीग, भिंतीला टेकलेल्या छत्र्या, मेणबत्तीचं वितळलेलं मेण; हे सगळं सोपं आहे आणि म्हणूनच मी त्याबाबत कडक आहे. वस्तूमागे माणूस कळत असेल तरच ठेवा. शंभर चपलांपेक्षा ओळीपासून दूर, नीट जोडून ठेवलेली एक जोडी कोणाची तरी वाटते.

तुम्हाला एखादी मालिका हाती घ्यायची असेल तर नव्या भाताची घ्या, ती तुमच्या दाराच्या विषयाला अगदी लागून आहे. राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त असतं, शेतातली पहिली कणसं आशीर्वादासाठी चर्चमध्ये येतात. पुढच्या दिवसांत ते इतर गावांतही होतं. हिंदू घरांत चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, नवी कणसं देवापुढे आणि दारावर. तीच शेतं, तेच चार आठवडे पुढेमागे, दोन दारं. मिरवणूक सोडून द्या. कणसं हातात घेऊन दारापाशी आलेला माणूस आत जाण्याआधी पायाचा चिखल कुठे पुसतो, तिथे थांबा.

आता लेन्स. तुमच्याकडे 18-55 आहे असं धरतो. तिच्यावर 23 मिलिमीटरच्या खुणेपाशी चिकटपट्टी लावून सहा महिने तेवढंच वापरा. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ते फुल-फ्रेमच्या 35 च्या जवळ येतं, आणि दारापासून दोन-अडीच मीटरवर बसलं की माणूस, उंबरठा आणि थोडी ओसरी नेमकी मावते. संध्याकाळी उजेड कमी पडू लागला आणि आयएसओ 3200 च्या वर सतत जावं लागलं, तरच 35 किंवा 23 ची एफ 2 ची लेन्स घ्या, त्याआधी नको. फोनवरही हे काम होतं, मुख्य कॅमेऱ्यानेच, झूम न करता. आवाज बंद, फ्लॅश बंद. खर्च करायचाच असेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या. गोव्याच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि ती काढायला जो खर्च येतो त्यात दोन वर्षांच्या प्रती छापून होतात. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काच धुकटते, म्हणून पोचण्याच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या खाली घ्या. आणि पहिल्या महिन्याचे फोटो महिना संपेपर्यंत संगणकावर उघडू नका. रोज बघितले की तुम्ही कालच्यासारखाच फोटो आज शोधायला लागता. महिन्याने वीस निवडा, छापा, आणि त्यातल्या कोणत्या फोटोत माणूस दारातून आत जातोय आणि कोणत्यात नुसता दारापुढे उभा आहे, ते बाजूला करून बघा.